एका ताटातलं पथ्य

बाइंडरला पहिल्यांदा मुतखडा झाला त्या दिवशी त्याने अशी किंकाळी फोडली, की समोरच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या मिशीवर चाललेला वस्तरा थेट भुवईपर्यंत गेला. ते गिऱ्हाईक पुढे कितीतरी दिवस एकाच भुवईने हिंडत होतं आणि लोकांना वाटायचं, या माणसाचा कशावरच पुरता विश्वास बसत नाही. हे अर्थात बाइंडरच सांगायचा. सलूनवाल्याला विचारलं तर तो म्हणायचा, त्या दिवशी माझं दुकान बंद होतं. पण बाइंडरने सांगितलेली गोष्ट आणि खरी घडलेली गोष्ट यांचं भांडण लागलं की सगळी गल्ली बिनदिक्कत बाइंडरच्या बाजूला जाऊन उभी राहायची. घडलेल्या गोष्टीला एवढी रंगत कुठून असणार?

त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या भागात कापायचं यंत्र, पुस्तकं दाबायचा लाकडी दाब, पुठ्ठ्यांची चवड आणि स्टोव्हवर खळीचं भांडं. मागे खिडकीपाशी त्याच्या बायकोची बैठक. पानांच्या घड्या घालून जे पातळ गठ्ठे होतात त्यांना जुज म्हणतात. ते जुज एकावर एक ठेवून सुईदोऱ्याने शिवायचे, हे तिचं काम. कापणं, चिकटवणं, दाबणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं, हे त्याचं. यातलं शेवटचं काम तो सगळ्यात मन लावून करायचा. वाचनालयाची फाटकी पुस्तकं असोत की वकिलांचे जाडजूड ग्रंथ, बांधायला टाकायचं निमित्त करून लोक खरं तर ऐकायलाच यायचे. "हिने शिवलेलं पुस्तक पडलं तर फरशी फुटेल, पण पान सुटणार नाही," असं तो सांगायचा. त्याच्या बोलण्यातलं हे एक वाक्य जवळजवळ खरं होतं.

दोघं जेवायची एकाच ताटात. याला प्रेमबीम म्हणायचं तर म्हणावं, पण मूळ कारण टेबल. टेबलावर इतका कागद असायचा की खळीचं भांडं आणि पानांचे गठ्ठे यांच्यामध्ये एकच ताट कसंबसं मावायचं. डावीकडून तो, उजवीकडून ती. लग्न झालं तेव्हापासून हे चालत आलं होतं. पुढे माडीवरच्या घरात चांगलं जेवणाचं टेबल आलं, लेक मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तरी यांचं ताट खाली दुकानातच, आणि एकच. लेक हसायची. "बाबा, तुम्ही दोघं म्हणजे एका पुठ्ठ्यात बांधलेली दोन पुस्तकं आहात." बाइंडरला हे इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवसापासून ते त्याने स्वतःच्याच नावावर खपवायला सुरुवात केली.

तर तो खडा.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून घेतला आणि म्हणाल्या, "लहान आहे. पाणी भरपूर प्या, आपोआप पडून जाईल. पुन्हा होऊ नये म्हणून मीठ कमी करा. पालक, बीट, बदाम बेताने. मांस थोडं. लिंबूपाणी चांगलं. आणि दूधदही सोडू नका, जेवणाबरोबर थोडं असू द्या." सगळं नीट, सावकाश सांगितलं. पण त्या बोलत होत्या तेव्हा बाइंडर मान हलवत मनात दुसरंच काहीतरी जुळवत होता. आता हे गल्लीत जाऊन कसं सांगायचं? किंकाळीपासून सुरुवात करावी की वस्तऱ्यापासून? भुवई कुठे आणावी? त्या नादात शेवटचं वाक्य त्याच्या कानावरून नुसतं घसरून गेलं. दवाखान्याच्या बाहेर पडला तेव्हा त्याच्याकडे एक झकास गोष्ट होती आणि अर्धवट पथ्य होतं.

उरलेलं अर्धं सलूनवाल्याने पुरवलं. "बाइंडर, खडा म्हणजे काय? चुना. चुना येतो कुठून? दुधातून. पांढरं म्हणून जे जे असेल ते बंद करून टाका."

"भातही?"

"भाताचं बघू. दूधदही मात्र आजपासून बंद."

ते बंद झालं. त्याबरोबर मासे गेले, अंडं गेलं, पालक, बदाम, अक्रोड सगळं गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या बेताने, पण बेत ही गोष्ट बाइंडरला कशातच जमली नव्हती. ताटात राहिला भात, उकडलेला भोपळा, काकडी, आणि शेजारी जवाच्या पाण्याचा तांब्या. त्याच्या बायकोने उजवीकडच्या अर्ध्या भागात स्वतःसाठी दही वाढून घ्यायला कोणाची हरकत नव्हती. तो म्हणालाही, "अगं, तू का उपाशी मरतेस? तू खा की."

"तुमच्यासमोर? घास उतरायचा नाही मला." कळा येत होत्या त्या दिवशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन तीच बसली होती. खरी किंकाळी तिने ऐकली होती. ती गोष्टीतल्या किंकाळीपेक्षा बरीच बारीक होती, आणि म्हणूनच तिला ती विसरता येत नव्हती.

काही दिवसांनी खडा पडला. पाण्याबरोबर, जसा पडायचा तसा. मसुरीच्या दाण्याएवढा. बाइंडरला फार वाईट वाटलं. एवढी किंकाळी, एवढी भुवई, आणि शेवटी हे? लघवीतून मसूर पडली, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट झाली? शिवाय दुकानात बायाबापड्याही येतात. म्हणून त्याने शेवट बदलला. खडा विरघळला, असं सांगितलं. औषध नाही, यंत्र नाही, नुसत्या पथ्याने विरघळवला. सांगता सांगता खडाही वाढत गेला. आधी बोराएवढा, मग लिंबाएवढा. "डॉक्टर लोक फोटो बघून खुर्चीवरून खाली! म्हणाले, बाइंडर, अहो इथे खडा होता, गेला कुठे? मी म्हटलं, भोपळ्याला विचारा!" लोक टाळ्या द्यायचे. "सगळं खाण्यात आहे बघा," हे पालुपद. "ताट सांभाळा, दवाखान्याचं तोंड बघायला नको."

तो हे पुढे तोंड करून सांगायचा. मागे खिडकीपाशी सुई वरखाली होत असायची. तिथे बसलेलं माणूसही ऐकतंय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तिची बोटं कधी दुखायला लागली, ते त्याला सांगता आलं नसतं. सकाळी खळ उकळायला ठेवली की ती भांड्याच्या वाफेवर दोन्ही हात धरून उभी राहायची. त्याला वाटायचं, खळ झाली का बघतेय. एकदा तर त्याने थट्टाही केली, "हात शिजवतेस की खळ?" ती हसली. मूठ वळायला तिला बराच वेळ लागायचा. सुई ओवायला त्याहून जास्त. शेवटी एक दिवस ती एकटीच दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, हा संधिवात आहे, पण म्हातारपणाचा नव्हे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, त्यातला हा. आठवड्याची एक गोळी दिली, तिच्या जोडीच्या आणखी दिल्या, म्हणाल्या, चुकवू नका आणि उपाशीपोटी घेऊ नका. मासे, अक्रोड, पालेभाजी, दही, असं भरपेट खा. औषध मुख्य, खाणं त्याच्या मदतीला.

ती परत आली तेव्हा दुकानात लिंबाएवढा खडा विरघळायच्या बेतात होता.

"काय म्हणाल्या गं?" बाइंडरने गोष्ट न थांबवता विचारलं.

तिने टेबलावरच्या ताटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "जपून खा म्हणाल्या."

"बघा!" बाइंडर गिऱ्हाइकाकडे वळला. "मी काय म्हणत होतो? सगळं खाण्यात आहे!"

त्या भात-भोपळ्यावर ती गोळी तिला सोसेना. पोटात ढवळायचं, तोंडाची चव जायची, दुपारभर ग्लानी. एका आठवड्याला घेतली, पुढच्या आठवड्याला नाही. मग बंदच केली. पाकिटं तिने सुयांच्या डब्यात तळाला सरकवून दिली, हे बाइंडरला फार उशिरा कळलं. यांचा दगड विरघळला, माझी नुसती सूज आहे, ती उतरायला काय लागतं? असा तिचा सरळ हिशेब. ती थापेला भुलणारी बाई नव्हती. नवऱ्याच्या गोष्टींतली भुवई किती आणि वस्तरा किती, हे तिला पक्कं ठाऊक असायचं. पण खडा खरोखर होता आणि खरोखर गेला, एवढं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. मधलं जे तिने पाहिलं नव्हतं, ते तिने त्याच्याकडून घेतलं.

लेकीचा फोन यायचा. "आई, गोळ्या घेतेस ना?"

"घेते गं बाई."

"आणि खाणं?"

"ते तुझे बाबा बघतात."

मग एकदा वाचनालयाचा माणूस ग्रंथ परत घेऊन आला. मधली पानं सुटून बाहेर आली होती. असं कधी झालं नव्हतं. बाइंडरने चष्मा लावून कणा तपासला आणि लगेच निकाल दिला, दोरा कच्चा आहे. दोरेवाल्याला फोन करून इतकं झापलं, की तो बिचारा स्वतः दोऱ्याला चोळायच्या मेणाचा नवा गोळा घेऊन दुकानात हजर झाला. पुढच्या खेपेलाही पानं सुटली, तेव्हा त्याने दोरेवालाच बदलला. मागे बायको दोरा दातांत धरून ओढायला शिकली होती. बोटांची पकड राहिली नव्हती.

आणि मग, पहिल्यानंतर दोनतीन वर्षांनी, दुसरा खडा आला.

या खेपेला किंकाळी अजिबात नव्हती. बाइंडर पुठ्ठ्यांच्या चवडीवर ओणवा झाला आणि तसाच राहिला. सलूनवाल्याने रिक्षा आणली, बायको सोबत गेली. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला. "हा मोठा आहे. आपोआप पडायचा नाही, यंत्राने फोडावा लागेल. दही खाता ना जेवणात?"

"छे!" कळवळतानासुद्धा बाइंडरच्या आवाजात जरा ऐट आली. "तेव्हापासून शिवलेलं नाही."

"का?"

"तुम्हीच पथ्य सांगितलंत की."

"मी उलट सांगितलं होतं. दही जेवणात असलं की भाजीतलं आम्ल पोटातच त्याला चिकटतं आणि बाहेर जातं. दही बंद केलं तर ते मोकाट सुटतं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. त्याचाच हा खडा. हा तुमच्या पथ्याने केलाय, बाइंडर."

बायको खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती म्हणाली, "पण बाई, पहिला तर पथ्यानेच विरघळला ना?"

"कोण म्हणालं? असले खडे विरघळत नसतात. पाण्याबरोबर पडला तो. हे स्वतः घेऊन आले होते ना मला दाखवायला, कागदाच्या पुडीत. काय सुबक पुडी होती! चारही कोपरे दुमडलेले. मी तेव्हाच म्हटलं, खड्याला इतकी चांगली बांधणी कोणी केली नसेल."

"पुडीत," बायको म्हणाली. तिने नवऱ्याकडे बघितलं. बाइंडर जमिनीकडे बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी औषधांचा कागद तिच्या पुढे धरला. तिने तो दोन्ही तळव्यांच्या मध्ये, चिमटा धरावा तसा घेतला. डॉक्टरीणबाई क्षणभर बघत राहिल्या.

"हात बघू."

तिने हात टेबलावर ठेवले.

"गोळ्या कुठे आहेत?"

"सोडल्या."

"अहो, का?"

"पथ्य करते आहे."

"कसलं पथ्य?"

"यांचं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. ओरडल्या असत्या तर बाइंडरला बरं वाटलं असतं. त्याच्या कमरेतून कळा उसळत होत्या, घाम फुटला होता, पण त्या वेळात त्याने तोंडातून हूं की चूं काढलं नाही. गोष्ट सांगताना लोक गप्प बसलेले त्याला आवडायचे. त्या खोलीतली शांतता मात्र त्याला ओळखीची वाटेना.

इस्पितळात यंत्राने खडा फोडला, तुकडे पडले, तो घरी आला. गल्लीने विचारलं तर म्हणाला, "झालं बरं." एवढंच. सलूनवाला दोन दिवस वाट बघून शेवटी स्वतःच आला, म्हणाला, "बाइंडर, या खेपेला कुणाची भुवई नाही?" बाइंडरने त्याला खळीचं भांडं घासायला दिलं.

बायको त्याच्याशी भांडली नाही. संध्याकाळी खिडकीपाशी बसून तिने फक्त विचारलं, "अहो, मी कधी तुमच्या गोष्टींना हरकत घेतली?"

"नाही."

"भुवईच्या गोष्टीला तर मी स्वतः हसते. दरवेळी हसते. लोकांना तुम्ही काय वाटेल ते सांगा. पण मी गिऱ्हाईक नव्हते हो."

"तुला मी कुठे सांगितलं? मी तर त्यांना…"

"मी मागेच बसले होते."

"गोळ्या सोडल्यास हे सांगायचंस तरी," एवढं तो कसंबसं म्हणाला.

"विचारलंत कधी?"

विचारलं होतं, एकदा. गोष्ट न थांबवता. ते त्याला आठवलं आणि ते तिला सांगण्यात काही अर्थ नाही, हेही कळलं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मधून एक इंजेक्शन. सूज हळूहळू उतरली, सकाळी मूठ वळायला लागली, तिच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं. पण उजव्या हाताची दोन बोटं तशीच राहिली. फळीवरचं एक पुस्तक काढून घेतलं की शेजारची कशी कलतात, तशी कललेली. बाइंडरने डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "वाकलंय ते सरळ होणार नाही. जे सरळ आहे ते राखू."

"लवकर आली असती तर?"

"आल्या होत्या की लवकर."

त्याने टेबल रिकामं केलं. पानांचे गठ्ठे खाली ठेवले, खळीचं भांडं परत स्टोव्हवर ठेवलं आणि दोन ताटं मांडली. तिच्या ताटात मासा, पालेभाजी, दही, चार अक्रोड. त्याच्या ताटात भात, भोपळा, दही, बाजूला लिंबूपाणी. डॉक्टरीणबाईंनी या वेळी सांगितलेला शब्द न् शब्द त्याने घोकला होता. अंधश्रद्धाळू माणूस मंत्र म्हणतो, तसा तो भाजी निवडताना पुटपुटायचा. पहिल्या दिवशी दोघं जेवायला बसली आणि जरा वेळाने दोघंही थांबली. त्याने आपल्या ताटातला डावीकडचा अर्धा भाग संपवला होता, तिने आपल्या ताटातला उजवीकडचा. मधोमध रेघ मारल्यासारखं उरलेलं अन्न.

"अहो," ती म्हणाली, "पलीकडचंही तुमचंच आहे."

त्याने खाल्लं. इतकी वर्षं तिचा घास तिच्या डोळ्यांदेखत आपण कमी करत गेलो, आणि ते ताटात कधी दिसलंच नाही, कारण ताटही आपलंच होतं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. ते त्याला कोणाला सांगता आलं नसतं. त्यात गंमत नव्हती.

जुज शिवायला आता तो बसायचा. पहिल्या पुस्तकाचा कणा असा झाला, की वकील म्हणाले, हे पुस्तक आहे की पायपुसणं? ती शेजारी बसून सांगायची. "ओढा. एवढं नाही, कागद फाटेल. आता आतून घ्या. अहो आतून म्हटलं, तिकडून नव्हे." तिच्या तोंडाने आणि त्याच्या हाताने पुस्तकं शिवली जाऊ लागली. वाईट नव्हती. पण पाडून दाखवायची त्याची छाती झाली नाही.

अशातच एक दिवस एक बाई दुकानात आली. इस्त्रीचं काम करणारी, पुलापलीकडे राहणारी. बाइंडरने तिला कधी पाहिलं नव्हतं. हातात पुस्तक नव्हतं. तिने हात काउंटरवर ठेवले. सांधे लाल, टच्च सुजलेले.

"तेच ना तुम्ही? संत्र्याएवढा खडा विरघळवलात ते?"

बाइंडरने कधीही लिंबाच्या पुढे मजल मारली नव्हती. गोष्टीने पूल ओलांडताना एकटीनेच वजन वाढवलं होतं.

"नाही हो बाई. विरघळला नाही तो. पाणी पिऊन पडला. मसुरीएवढा होता."

बाई हसली. "असं काय करता? सगळीकडे माहीत आहे. माझ्या जावेच्या आईने तुमचंच पथ्य केलं. मलाही सांगा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पण मळमळतं हो. म्हटलं, आधी तुमच्याकडे यावं, मग सोडाव्यात."

"सोडू नका! बाई, मी खोटं बोललो होतो. गंमत म्हणून. पथ्याने काही विरघळत नाही."

"सांगायचं नसेल तर सरळ तसं म्हणा. एवढ्या लांबून आले मी."

"शपथ घेऊ?"

"शपथा कसल्या घेता? काय लागतं ते सांगा. भोपळाच ना? लाल की हिरवा?"

आयुष्यभर त्याने हवेत सोडलेली थाप लोकांनी खाली पडू दिली नव्हती. आज खरं बोलणं काउंटरवर मांडून ठेवलं होतं आणि कोणी त्याला हात लावेना. तो बोलत राहिला, ती मान हलवत राहिली. जेवढं तो नाकारत होता, तेवढी तिची खात्री वाढत होती, की या म्हाताऱ्याकडे काहीतरी आहे आणि तो लपवतोय.

तेव्हा मागची खुर्ची सरकली. बायको उठून पुढे आली. तिने आपला उजवा हात त्या बाईच्या हाताशेजारी, दिव्याखाली ठेवला.

"मी त्याच पथ्यावर होते," ती म्हणाली.

बाई त्या हाताकडे बघत राहिली. मग स्वतःच्या. तिने एक बोट पुढे करून त्या कललेल्या बोटांना हलकेच शिवून बघितलं.

"दुखतं?"

"आता नाही. आता नुसती वाकडी आहेत. आधी काय करायचे, माहीत आहे? शिवायची मी. ही सगळी." तिने फळीकडे मान केली.

बाईने हात मागे घेतले आणि पदराखाली झाकले.

"गोळ्या घे बाळा. भरपेट जेवून घे, म्हणजे मळमळायचं नाही. मळमळलं तर डॉक्टरांना सांग, त्यांच्याकडे त्यालाही उपाय असतो. आणि तुझ्या त्या जावेच्या आईला इकडे घेऊन ये."

"ती आता येणं कठीण आहे," बाई म्हणाली. "जिना उतरवत नाही तिला."

ती गेली. बाइंडर दारात येऊन बघत उभा राहिला. वळणापर्यंत ती सरळ गेली, पुढे कुठे वळली ते दिसलं नाही. समोर सलूनवाला कैची थांबवून त्याच्याकडे बघत होता. बाइंडर आत आला, जागेवर बसला, अर्धवट शिवलेला जुज उचलला.

"अशा अजून किती असतील गं?"

ते तिलाही सांगता आलं नसतं. किती लोक पुस्तक काखेत मारून हसत घरी गेले होते आणि घरी जाऊन कोणाला काय बोलले होते. कुठल्या ताटातलं दही उचललं गेलं, कुठल्या डब्याच्या तळाशी गोळ्या सरकल्या. गोष्ट परत मागवायची तर कुठल्या दारावर जायचं?

दुपार लांबत होती. दुकानात फक्त दोरा कागदातून ओढल्याचा आवाज. पूर्वी या वेळी इथे बसायला जागा नसायची. बायको मांडीवर हात घेऊन खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अहो, काहीतरी सांगा ना."

"काय सांगू?"

"काहीही. एवढं गप्प बसून शिवायची सवय नाही मला. खोटं असलं तरी चालेल. खोटं आहे असं आधी सांगा, म्हणजे झालं."

बाइंडरने सुई थांबवली. "एकदा काय झालं," तो म्हणाला, "एक बाइंडर होता." तिने मान त्याच्याकडे वळवली. ऐकताना तिचा चेहरा असा होतो, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. इतकी वर्षं त्याची पाठ होती तिच्याकडे. त्याने पुढचं वाक्य शोधलं, वस्तरा आठवून बघितला, काहीतरी उडवून द्यावं, फुगवावं, म्हणून तोंडही उघडलं. तिची बोटं मांडीवर तशीच होती.

"मग?" ती म्हणाली.

तो त्या बोटांकडेच बघत राहिला. तिने त्याच्या हातातल्या सुईकडे पाहिलं.

"बरं, राहू दे. दोरा संपत आलाय. नवा ओवून घ्या."